एकवीस शाली आणि एक नडगी

५ मार्च

ही डायरी जानेवारीत एका डाळ मिलवाल्याने दिली होती. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तूरडाळीच्या ढिगाचं चित्र आहे. दोन महिने ती कोरी राहिली, कारण माझ्या आयुष्यात लिहून ठेवण्यासारखं काही घडत नव्हतं. आज घडलं. हेमलताची सैन्यात निवड झाली. अग्निवीर, मिलिटरी पोलीस. अठ्ठावीस एप्रिलला बंगळूरच्या ट्रेनिंग सेंटरला हजर व्हायचं आहे.

पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. तिथे पोचल्यावर पुन्हा वैद्यकीय तपासणी होणार आणि उमेदवार अपात्र ठरल्यास परत पाठवणार. म्हणजे अजून चोपन्न दिवस पोरगी अधांतरी आहे. तिला तंदुरुस्त ठेवून पोचती करायची जबाबदारी माझी, कारण या घरात सैन्याचा अनुभव फक्त मला आहे. वीस वर्षांचा असताना मी धुळ्याच्या मैदानावर भरतीला गेलो होतो. छाती अर्ध्या सेंटिमीटरने कमी भरली. अर्ध्या! नाहीतर आज पाटबंधारे खात्यात आवक-जावक रजिस्टर चाळत बसलो नसतो.

हे मी आज पुन्हा सांगितलं तेव्हा दिपमाला कढईवर वाकून बराच वेळ खोकली. फोडणीचा ठसका असावा. फोडणी अजून दिली नव्हती, तरी.

तक्ता तयार केला. पाच वाजता धावणे, सहाला जोर, सातला दूध-केळी, आठला माझं मार्गदर्शन.

"पप्पा, मार्गदर्शन रोज आहे?" हेमलता.

"रोज."

"रविवारी पण?"

शिस्तीची सुरुवात प्रश्न विचारून होत नसते, असं तिला सांगितलं. हेच आजचं मार्गदर्शन समजावं.

८ मार्च

सराव सुरू. हेमलता पुढे, मी मागे स्कूटरवर. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच. हे स्टॉपवॉच मला खात्याच्या क्रीडास्पर्धेत मिळालं आहे. मी त्या स्पर्धेत धावलो नव्हतो, नारळ आणून दिले होते.

सोळाशे मीटर स्कूटरच्या काट्यावर मोजायचे ठरवले होते. काटा गेल्या दिवाळीपासून बंद आहे हे मला पिंप्राळ्याच्या पार बाहेर गेल्यावर आठवलं. तोवर तिचे चार किलोमीटर झाले असतील. तिची तक्रार वेगळीच.

"पप्पा, स्कूटरचा धूर थेट माझ्या नाकात येतोय."

"सीमेवर धूर नसतो का?"

"मग तुम्ही पुढे चालवा ना."

"मी पुढे गेलो तर तुझ्यावर लक्ष कोण ठेवणार?"

येताना चौकात चहाला थांबलो. एक कप प्यायलो तेवढ्यात ती दिसेनाशी झाली. वेग चांगला आहे. आज्ञापालन कच्चं.

१२ मार्च

पहाटे पाच ही वेळ मला मानवत नाही, ॲसिडिटी उसळते. यापुढे देखरेख घरूनच करायची. मोठे अधिकारीही स्वतः मैदानावर नसतात, त्यांना अहवाल येतो.

हेमलता एकटी जाते असं नाही. दिपमालाने नेमकं याच आठवड्यात पहाटे मंदिरात जायला सुरुवात केली आहे, त्यामुळे दोघी बरोबर निघतात. लेकीचं भलं झालं की बायकांना देव आठवतो. मंदिराबाहेर चपला चोरीला जातात म्हणून ती माझे जुने कॅनव्हासचे बूट घालून जाते. सहा-साडेसहाला येते ती घामाने निथळत. पंचेचाळिसाव्या वर्षी एवढी भक्ती तब्येतीला बरी नाही, असं मी पांघरुणातूनच म्हणालो.

"तुम्ही झोपा," म्हणाली.

स्टॉपवॉच कुठे ठेवलं ते सापडत नाही.

१५ मार्च

पहिला सत्कार. आमच्या कॉलनीचे रोहिदासभाऊ यांनी घडवून आणला. रोहिदासभाऊ गेल्या तीन निवडणुकांपासून भावी नगरसेवक आहेत. घरात शिरले तेच दोन्ही हात पसरून.

"प्रेमराजभाऊ! पोरगी तुमची, पण अभिमान आपल्या कॉलनीचा!"

"भाऊ, तिला पहाटे पळायला जायचं असतं," दिपमाला आतून म्हणाली.

"वहिनी, पळणं तर जन्मभर आहे. सत्काराचा योग एकदाच."

मलाही ते पटलं. कोपऱ्यावर दहा बाय आठचा फ्लेक्स लागला आहे. वरच्या रांगेत पंधरा चेहरे, सगळे हात जोडलेले. मधोमध रोहिदासभाऊ. उजव्या हाताला मी. खाली डाव्या कोपऱ्यात, जिथे फ्लेक्स बांबूला ठोकतात तिथे, हेमलता. खिळा तिच्या कपाळातूनच गेला आहे, पण फोटो सुरेख आला आहे. माझा.

नऊ भाषणं झाली. हेमलता दोन तास स्टेजवर उभी होती. उत्सवमूर्तीने बसू नये असा रोहिदासभाऊंचा आग्रह असतो, फोटोत खुर्ची येते. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाने तिच्या तोंडात पेढा घातला. शाल, श्रीफळ आणि तोफेचं स्मृतिचिन्ह. तोफ प्लास्टिकची आहे, पण जड आहे.

२४ मार्च

नऊ दिवसांत अकरा सत्कार. एक व्यायामशाळा, दोन गणेश मंडळं, तिची शाळा, तिची दुसरी शाळा जिथून आम्ही तिचं नाव काढून घेतलं होतं, एक बचत गट, एक लाँड्री, आणखी चार किरकोळ. लाँड्रीवाल्याने सत्कार का करावा हे मलाही कळलं नाही, पण त्याने शाल धुऊन इस्त्री करून दिली, जी इतर कुणी दिली नव्हती.

नकार देता येत नाही. आज एकाकडे गेलं नाही तर उद्या तो म्हणणार, पोरगी फौजेत काय लागली, बापाची मान ताठ झाली. आणि गेलं की जेवल्याशिवाय सुटका नाही. वरण-बट्टी, शेवभाजी, जिलेबी. "खा गं बेटा, तिकडे कुठे मिळणार आहे?" असं म्हणत लोक तिच्या ताटात ते वाढतात जे डॉक्टरांनी त्यांना बंद केलं आहे.

तक्त्यातले जोर-बैठकांचे रकाने आठ दिवस कोरे आहेत. वेळच मिळत नाही. मी त्या रकान्यांत सत्कारांची नोंद करतो, तक्ता रिकामा दिसू नये म्हणून.

२७ मार्च

ट्रेनिंगला न्यायच्या कपड्यांची यादी पत्रासोबतच आली होती. पांढऱ्या पँटी गफूरभाईंकडे शिवायला टाकल्या आहेत. पिंप्राळ्याच्या बाजारात त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे, मागच्या बाजूला घर. माझ्या लग्नाचा सफारी त्यांनीच शिवला होता. आज ट्रायलला गेलो. हेमलता आत जाऊन पँट घालून आली आणि गफूरभाईंनी टेप लावला. मग टेपकडे बघितलं, वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"प्रेमराजभाऊ, पाच तारखेला कंबर अठ्ठावीस लिहिली मी."

"मग?"

"आज तीस आहे. एक इंच मी शिलाईत सोडला होता. दुसरा तुम्ही सोडा."

"मी काय सोडू?"

"सत्कार," म्हणाले आणि सुई तोंडात धरली. टेलरचं हे बरं असतं, बोलून झालं की तोंडात सुई.

हेमलता हल्ली रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांच्याकडे जाते. गफूरभाईंची बायको हसीनाबी तिला शिवण शिकवते म्हणे. चांगलंच आहे, सैनिकाला बटण लावता आलं पाहिजे. मात्र शिवण शिकून आली की तिच्या अंगाला उकडलेल्या अंड्याचा वास येतो. आमच्या घरात अंडं तीन वर्षांपासून बंद आहे. मला सोसत नाही म्हणून सगळ्यांनी सोडलं. एवढी एकी हल्ली घराघरांत राहिली नाही.

२ एप्रिल

बेचाळीस अंश. ऑफिसात कूलर माझ्या टेबलाकडे वळवून घेतला. वीरकन्येचा बाप म्हणून आता कुणी हरकत घेत नाही.

५ एप्रिल

आजचा दिवस सुवर्णाक्षरांनी लिहायला हवा होता, पण पेन निळं आहे आणि मन थाऱ्यावर नाही. तरी क्रमाने लिहितो.

रोहिदासभाऊंनी भव्य मिरवणूक काढली. रेल्वे गेटपासून चौकापर्यंत, पुढे डीजे, मागे उघडी जीप. जीपमध्ये हेमलता उभी राहील असं आधी ठरलं होतं. ऐनवेळी भाऊंच्या डोक्यात कल्पना आली की सैनिक मुलगी जीपमध्ये कशी? तिने मशाल घेऊन डीजेच्या पुढे धावायचं. एका बूटवाल्याने स्टेजवरच तिला कातडी बूट भेट दिले. नवेकोरे, लाकडासारखे कडक, एक नंबर मोठे. तेच घालून धावायचं, कारण तो बूटवाला व्हिडिओ काढत होता.

"पप्पा, काँक्रीटवर नको. आणि या बुटात तर नकोच," ती मला बाजूला घेऊन म्हणाली.

मी स्टेजकडे बघितलं. दोनशे माणसं वाट बघत होती. "एकदाच," मी म्हणालो.

तीन किलोमीटर. संध्याकाळचे पाच, रस्ता तव्यासारखा. डीजे मागून ढकलल्यासारखा येत होता, तिला थांबता येत नव्हतं. मी जीपमध्ये होतो. कुणीतरी उभं राहायला हवं होतंच.

चौकात नवा फ्लेक्स होता. त्यावर एकटा मी. पूर्ण उंचीचा, फेटा बांधलेला. खाली मोठ्या लाल अक्षरांत: वीरपिता प्रेमराज सोनवणे यांचे हार्दिक अभिनंदन. मला फार बरं वाटलं. वीर मुलीचा पिता, म्हणून वीरपिता. मी फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढून घेत होतो. गफूरभाई दुकान बंद करून आले होते, त्यांनी एकदा वर वाचलं आणि डोक्यावरची टोपी सारखी केली.

"भाऊ, हा शब्द कुणाच्या बापाला लावतात, ठाऊक आहे ना?"

"वीराच्या."

"ज्याचा वीर परत येत नाही, त्याच्या."

तोवर दिपमाला भाजीच्या पिशवीतून सुरी काढून फ्लेक्सपर्यंत पोचली होती. दोनशे माणसांसमोर तिने तो उभा फाडला. माझ्या फेट्यापासून बुटापर्यंत. रोहिदासभाऊ म्हणत होते, "वहिनी, प्रिंटिंगची चूक आहे, प्रिंटिंगची!" डीजेवाल्याला वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे. त्याने आवाज वाढवला.

मजकूर पाहून मंजूर मीच केला होता. हे रोहिदासभाऊंनी तिथे सांगितलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

७ एप्रिल

हेमलता लंगडते आहे. दोन दिवस लपवलं तिने. आज जिना उतरताना कठडा धरला तेव्हा कळलं. डाव्या पायाची नडगी सुजली आहे, बोट लावलं की ओठ आवळते.

हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नाही, पण त्यावर ताण आहे. दहा दिवस पळणं पूर्ण बंद, त्यानंतर मऊ मातीवरून हळूहळू.

"हे झालं कसं?" डॉक्टरांनी विचारलं.

"सत्कारात," हेमलता म्हणाली.

डॉक्टरांनी लिहिता लिहिता चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "असंच पुन्हा एकदा कौतुक झालं तर फ्रॅक्चर होईल. मग त्या मेडिकलला जाऊन काही उपयोग नाही."

अजून एकवीस दिवस. कपाटात एकवीसच शाली आहेत. मी मुद्दाम मोजल्या नाहीत. दिपमालाने त्या काढून नडगीखाली उशी केली, तेव्हा तिने मोजल्या. मोठ्याने.

१० एप्रिल

सगळे सत्कार रद्द करावेत असा माझा विचार होता. पण चार पत्रिका छापून झाल्या आहेत. मध्यम मार्ग काढला: सत्कार बसून होतील. खुर्ची, पायाखाली स्टूल. रोहिदासभाऊंना सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे जखमी सैनिक! भाऊ, याला तर पब्लिक रडेल!"

दिपमाला माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, बोलत नाही. हेमलताने मात्र पहिल्यांदाच आवाज चढवला. "पप्पा, मला परत पाठवलं ना, तर हे सगळे पुन्हा सत्कार करणार आहेत का? स्टेशनवर येतील का शाल घेऊन?"

मी म्हणालो, लोकांच्या प्रेमाचा अपमान करू नये.

उत्तर बरोबर होतं. मग जेवण का गेलं नाही, कळत नाही.

चारही सत्कार रद्द केले. प्रत्येक ठिकाणी मी आजारी आहे असं कळवलं. रोहिदासभाऊ विचारपूस करायला शाल घेऊन आले.

१६ एप्रिल

गावाहून आबांचा फोन. आबा म्हणजे माझे थोरले काका. गाव पाचोऱ्यापासून आठ किलोमीटर.

"प्रेमराज, पंचवीसले पोरले लई ये. बठ्ठं गाव वाट दखी ऱ्हायनं शे. शाळाना मैदानवर तिले पोरेससंगे पयाडसूत, मंग बट्टी खावाडसूत!"

मी सांगितलं, आबा, सव्वीसची गाडी आहे तिची. आणि पायाला जरासं लागलंय, गावच्या पोरांबरोबर पळवता येणार नाही.

"अरे, एक दिन आधी काय व्हस? तुना टाईमले बी करं व्हतं ना आम्ही!"

फोन ठेवला. हो, माझ्या वेळीही केलं होतं.

१८ एप्रिल

लिहू की नको असं दोन दिवस चाललं आहे. ही डायरी माझी खाजगी आहे, माझ्याखेरीज कुणी उघडत नाही, म्हणून लिहितो.

धुळ्याला माझी छाती कुणी मोजलीच नाही. तिथपर्यंत मी पोचलोच नाही.

भरतीच्या आदल्या दिवशी आबांनी गावात माझा सत्कार केला होता. भरती व्हायच्या आधीच. पोरगा जातोय म्हणजे लागणारच, असा गावाचा हिशोब. मारुतीच्या पारावर बसवलं, हार घातले, आणि वरण-बट्टी. एकेक जण तूप ओतायचा आणि म्हणायचा, माझ्या हातची एक. मी बारा बट्ट्या खाल्ल्या. नाही म्हणायचं कसं, ते मला येत नव्हतं. खरं म्हणजे नाही म्हणावंसंच वाटत नव्हतं. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. तसं आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं, पुढेही झालं नाही. थेट या मार्चपर्यंत.

सकाळी मैदानावर दुसऱ्या गेडीला, म्हणजे फेरीला, ओकलो. एका हवालदाराने दंडाला धरून कडेला बसवलं. "घरी जा बेटा," म्हणाला. गावात सांगायला काहीतरी हवं होतं. येताना एसटीत छातीचं सुचलं.

पान फाडणार होतो. पण मागच्या बाजूला गॅस सिलेंडरचा नंबर लिहिलेला आहे.

२० एप्रिल

ॲसिडिटीने पहाटे साडेचारलाच जाग आली. दोघी निघून गेल्यावर म्हटलं, आपणही आज देवाला भेटून यावं. मंदिराला कुलूप. बाहेर पुजारी घोंगडी ओढून झोपला होता. हलवलं तर म्हणाला, "सहाला या. देव सहाला उठतो. कायम."

मग मी त्यांना शोधत कॉलनीमागे शेतांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेने गेलो. तांबूस उजेड होता. मऊ मातीची वाट. त्या वाटेवर माझे जुने कॅनव्हासचे बूट पळत होते. बुटात दिपमाला. साडीचा काष्टा मारलेला, पदर खोचलेला, गळ्यात दोरीला स्टॉपवॉच. तिच्या मागे हेमलता, हळू, पण न लंगडता.

"पाय टेकव, आपटू नको! पोळी लाटते तसा, हलका!" दिपमाला ओरडत होती. "दम लागला तर बोल माझ्याशी. बोलता आलं तर दम लागला नाही असं समज."

"मम्मी, तू पोलिसात का गेली नाहीस गं?"

"माझा फॉर्म तुझ्या आजोबांनी चुलीत घातला. पळ."

मी बाभळीमागे उभा होतो. पुढे जाऊन बोलावं असं वाटलं. पण मला कुणी बोलावलं नव्हतं. आणि पायात स्लीपर होत्या.

वीस वर्षं वरणाला फोडणी कशी द्यावी हे मी या बाईला शिकवत आलो आहे.

घरी येऊन पुन्हा पांघरुणात शिरलो. त्या आल्या तेव्हा घोरलोसुद्धा.

१८ तारखेच्या पानावर हळदीचा एक डाग दिसतो आहे, बोटाएवढा. डाळ मिलची डायरी, असणारच.

२३ एप्रिल

चहा करायला गेलो (दिपमाला अजून बोलत नाही, साखर कुठे हे विचारायची सोय नाही) तर तूरडाळीच्या डब्यात रेल्वेचं तिकीट सापडलं. दोन नावं, पंचवीस तारखेची सकाळची गाडी. सव्वीसची नव्हे. गावचा सत्कार पंचवीसला दुपारी.

तिकीट होतं तसं डाळीखाली ठेवलं. चहा बिनसाखरेचा प्यायलो. मग आबांना फोन करून सांगितलं, "पंचवीसला येतो."

येतो म्हणालो. आम्ही येतो असं म्हणालो नाही.

२५ एप्रिल

सकाळी आठला दिपमाला दारात. अंगावर प्रवासाची साडी. अठरा दिवसांनी पहिलं वाक्य: "आम्ही मंदिरात जाऊन येतो."

तिच्या मागे काळी ट्रंक, दोन पिशव्या आणि पाण्याचा थर्मास होता. कोपऱ्यावर गफूरभाई रिक्षा थांबवून उभे होते.

"जा," मी म्हणालो. "आज गर्दी असेल. सावकाश या."

दिपमालाने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. हेमलता पाया पडली. मंदिरात जाताना घरच्यांच्या पाया पडायची आमच्यात पद्धत नाही, हे मी बोललो नाही. मी तिला एखादं मार्गदर्शन द्यायला हवं होतं. सकाळपासून दोन-तीन तयार केली होती. ऐनवेळी एवढंच निघालं, "बूट कोणते घेतलेस?"

"माझे जुनेच, पप्पा. ते कातडी कपाटात आहेत, तुम्हाला बसतील." मग जिन्यावरून वळून म्हणाली, "तिकडे गावाला जपून खा."

गावाला मी खातो किती, हे हिला कुणी सांगितलं?

दुपारी गावात पोचलो. शाळेच्या मैदानावर मांडव, फक्कीने आखलेली गेडी, चुलीवर वरणाचं पातेलं. आबा काठी टेकत पुढे आले, माझ्या मागे बघत.

"पोर कोठे शे?"

"पोर गयी, आबा. ट्रेनिंगले."

"मंग सत्कार कोना करवाना?"

तीनशे माणसं बघत होती. मला असं बघणं किती आवडतं हे मीच मागे लिहिलं आहे. "मना करा," म्हणालो. माझा.

केला. शाल, श्रीफळ, हार. तेविसावी शाल. मग पंक्तीची पानं मांडायला लागले तसा मी म्हणालो, आधी पळणं. पोरीऐवजी मी पळतो. गाव इतकं हसलं की मांडवाचा एक खांब हलला. आबांनी मात्र हसू दाबलं. त्या वर्षीचा माझा हार त्यांनीच ओवला होता.

दोन गेड्या. गावातली पोरं पहिल्या वळणालाच पार पुढे गेली. दुसऱ्या गेडीला एक शेळी माझ्यापुढे गेली. तिला कुणीतरी हाकललं, म्हणजे ती नियमात बसत नाही. पोटात काही नव्हतं म्हणून काही बाहेर आलं नाही. दम लागला तर बोलावं, असं ऐकलं होतं, म्हणून मी मोठ्याने हेमलताच्या कपड्यांची यादी म्हणत होतो. पांढरी पँट चार. पांढरे मोजे सहा. दुसरी गेडी पुरी केली. शेवटचा आलो. आलो.

नंतर दोन बट्ट्या खाल्ल्या. तिसऱ्या बट्टीवर आबांनी तुपाचं भांडं कलतं केलं तेव्हा मी पानावर आडवा हात धरला. तूप हातावर सांडलं. पोळलं, पण हात काढला नाही.

१० मे

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. साऱ्या खान्देशातल्या लेकी माहेरी आल्या आहेत, आमची तेवढी नाही. दिपमालाने तरीही तिच्या वाटणीची पुरणपोळी केली आणि आमरसाची वाटी भरून ठेवली.

दुपारी फोन आला. दोन मिनिटांचाच.

"मम्मी, पास! मेडिकल पास. नडगी दाबून दाबून बघितली त्यांनी. वजन पण बसलं." मग मला दे म्हणाली. "पप्पा, इथे रोज पळवतात. पण मागे स्कूटर नाही, फार बरं वाटतं."

"जेवण?"

"अंडी देतात."

"आपल्याकडेही सुरू झाली आहेत," मी म्हणालो. हसीनाबींनी सहा तारखेला डझनभर पाठवली. मला चार दिवसांत एकदाही ॲसिडिटी झालेली नाही. ती मुळात कशाने होत होती हे आता शोधलं पाहिजे.

रोहिदासभाऊ सकाळी येऊन गेले. ट्रेनिंग संपवून येईल तेव्हा स्टेशनपासून हत्तीवरून आणू म्हणाले. मी नको म्हणालो. त्यांना ऐकू आलं नसेल असं वाटून पुन्हा म्हणालो. नको. हा शब्द इतका लहान आहे, हे मला बावन्नाव्या वर्षी कळतं आहे.

त्यांच्या फ्लेक्सचे दोन तुकडे गफूरभाईंनी शिवून दिले. शिवण माझ्या नाकावरून जाते. तो आता पश्चिमेच्या खिडकीला बांधला आहे. खोलीत ऊन येत नाही. माझा एवढा उपयोग या घराला पूर्वी झाला नव्हता.

हे लिहून झोपायला निघालो तर दिपमाला गजर लावत होती.

"उद्या मंदिरात येता का?"

मी कपाटाच्या तळातून ते कातडी बूट काढले. आत कुणीतरी आधीच तेल लावून ठेवलं होतं. अंगठ्याजवळ कातडं मऊ झालेलं.

११ मे

मंदिर सहाला उघडतं. आम्ही पाचला निघालो.